नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची घड्याळं मागे: शिफ्ट, झोप आणि शाळेची बस कशी जुळवावी?

पाचपाखाडी_रात्रपाळी
राहायला ठाण्यात, दोघांचंही ऑफिस ऐरोलीला. माझी शिफ्ट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची, त्यांच्या सकाळी ९ ते संध्याकाळी ६. म्हणजे आत्ता आपली संध्याकाळी ६:३० ते पहाटे ३:३०. सव्वाचारला घरी, पाचला झोप, साडेबाराला उठते. नवऱ्याची लंडनची शिफ्ट, दुपारी १:३० ते रात्री १०:३०. मुलगा सहा वर्षांचा, त्याची बस सकाळी ६:४५ ला. सहाला उठून डबा आणि बस नवरा बघतो. दुपारी-संध्याकाळी सासूबाई असतात, पण गुडघ्यांमुळे पहाटेची धावपळ त्यांच्यावर टाकायची नाही. हिवाळ्यासाठी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की आमचं सगळं तासभर सरकणार. आधीपासून काय काय करून ठेवावं?

यूटीसी_वाशी
आधी तारखा पक्क्या करा, कारण तुम्हा दोघांचा बदल एका दिवशी नाही. युरोप आणि ब्रिटनमध्ये ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, यंदा २५ ऑक्टोबर. अमेरिकेत नोव्हेंबरचा पहिला रविवार, १ नोव्हेंबर २०२६. म्हणजे सोमवार २६ पासून यजमानांची शिफ्ट २:३० ते ११:३०, तुमची मात्र तो आठवडा जुनीच. २ नोव्हेंबरपासून तुमची ७:३० ते ४:३०. गडबड नेमकी त्या मधल्या आठवड्यात होते, कारण कॅबचं रोस्टर एकाचं बदललेलं असतं आणि दुसऱ्याचं नाही. दोघांचेही नवे पिकअप आदल्या गुरुवारपर्यंत ॲपमध्ये दिसतात का बघा. नसतील तर ट्रान्सपोर्ट डेस्कला मेल टाका, तोंडी सांगून सोडू नका.

मीटिंगचं: आमंत्रण ज्याने पाठवलं त्याच्या टाइमझोनला ती बांधलेली असते. न्यूयॉर्कच्या माणसाने लावलेली मीटिंग तुमच्याकडे आपोआप तासभर पुढे जाईल. तुम्ही भारतीय वेळेत लावलेली जागची हलणार नाही, आणि समोरच्याकडे ती ९ ऐवजी ८ ला येईल. रोजच्या मीटिंगची मालकी तिकडच्या कोणाकडे तरी द्या, प्रश्न मिटतो. मेलमध्ये 'ईएसटी' (पूर्व किनाऱ्याची हिवाळ्यातली वेळ) लिहू नका, नुसतं 'ईटी' (पूर्व किनाऱ्याची जी चालू असेल ती वेळ) लिहा. उन्हाळ्यात तिथे ईएसटी नसतंच. टीममध्ये ॲरिझोनाचं कोणी असेल तर वेगळं लिहून ठेवा. त्या राज्यात, नावाहो प्रदेश सोडला तर, घड्याळ बदलत नाही.

सपोर्टला असाल तर आणखी एक. १ तारखेला पूर्व किनाऱ्यावर रात्री १ ते २ हा तास दोनदा येतो, आपल्याकडे तेव्हा रविवार सकाळी १०:३० ते १२:३० असतात. त्या वेळेतल्या लॉगमध्ये '१:३०' दोन वेळा दिसेल आणि घटनांचा क्रम लागणार नाही. नोंदी यूटीसीत ठेवा, म्हणजे कधीही मागे-पुढे न होणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत.

झोपतज्ज्ञ_नाही_पण_अभ्यास_आहे
वेळा वाचल्यावर मला काळजी तुमच्यापेक्षा यजमानांची वाटते. ११:३० ला सुटले की घरी सव्वाबारा, अंग टेकेपर्यंत पाऊण-एक, आणि सहाला उठायचं. जेमतेम सव्वापाच तास. असं पाच महिने चालवू नका, बसचं काम या मोसमात तुमच्याकडे घ्या.

ते जमण्यासारखं आहे, कारण बहुतेकांचं शरीरातलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं. झोप उशिरा ढकलणं त्यामुळे सोपं जातं, अलीकडे ओढणं अवघड. तुम्ही सव्वापाचला घरी याल, डबा, ६:४५ ला बस, ७:१५ ला झोप, दुपारी २:३० ला उठणं. पण ही उडी सव्वादोन तासांची आहे, एका रात्रीत मारू नका. २६ तारखेपासून रोज अर्धा तास: साडेपाच, सहा, साडेसहा, सात. त्या आठवड्यात बस यजमानांकडेच राहू दे, त्यांनी बस गेल्यावर ७ ते ८:३० पुन्हा झोपावं.

आता उजेडाबद्दल, कारण यात सरसकट सल्ले फार फिरतात. 'सकाळचं ऊन टाळा' हे तुमच्यासाठी नोव्हेंबरमध्ये तितकंसं खरं नाही. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन तास आधी सर्वात खाली असतं. तुमच्या बाबतीत ते साडेदहाच्या सुमारास. त्या बिंदूच्या आधी मिळालेला उजेड झोप उशिरा ढकलतो, नंतर मिळालेला अलीकडे ओढतो. बसस्टॉपवरचा पावणेसातचा कोवळा उजेड तुम्हाला हव्या त्याच दिशेने काम करेल. तो तात्पुरता जागं करतो एवढंच, म्हणून घरात आल्यावर ट्यूबलाइट लावू नका आणि मोबाइल हॉलमध्येच ठेवा.

मार्चमध्ये नेमकं उलटं. १४ मार्च २०२७ ला अमेरिका पुढे जाईल, ब्रिटन २८ ला. सूर्य ठाण्यात तेव्हाही पावणेसातच्याच आसपास उगवतो, पण तुम्हाला झोप अलीकडे आणायची असेल. पहाटेचा उजेड तेव्हा तुमच्या विरुद्ध जाईल. २८ नंतर, बसचं काम सुटलं की, रोज १५-२० मिनिटं लवकर झोपा, पहाटे पूर्ण अंधार ठेवा आणि उठल्या उठल्या अर्धा तास गॅलरीत बसा. बस पुन्हा यजमानांकडे द्यायची ती २८ नंतर, त्यांची शिफ्ट लवकर सुटायला लागली की. मधले दोन आठवडे सर्वात वाईट, त्यात तुमच्या दोघांच्या रजा आलटून-पालटून टाका.

सुट्टीच्या दिवशी एकदम घरच्यांसारखं दहाला झोपू नका. कामाच्या दिवसांतल्या झोपेचे निदान चार तास, समजा ७:३० ते ११:३०, शनिवार-रविवारीही झोपेतच जायला हवेत. त्यासाठी पहाटे साडेतीनला झोपलं तरी चालतं.

घोडबंदर_९५
वरच्याला +१. खोलीबद्दल लिहितो. ब्लॅकआउट पडदा घेऊनही उजेड येतो तो पेल्मेटच्या वरून आणि कडांनी, कापडातून नाही. पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना आणि वर सहा-सहा इंच जास्त हवा. वरची फट काळ्या कापडाची पट्टी वेल्क्रोने लावून बंद करा. काचेवर थेट ॲल्युमिनियम फॉइल चिकटवू नका, उन्हात काच असमान तापून तडकू शकते. पुठ्ठा कापून फ्रेममध्ये बसवा.

आवाजाला पंखा मोठा ठेवणं पुरतं. बेल बंद करायला वेगळं बटण करून घ्या, सोसायटीच्या ॲपवर पार्सल 'गेटवर ठेवा' करून टाका. मोबाइल सायलेंटवर, पण लागोपाठ दुसरा कॉल वाजू देणारी सेटिंग चालू हवी, शाळेतून फोन येऊ शकतो. कामवाल्या ताईंची वेळ आत्ताच तीननंतरची ठरवा. ऐन वेळी सांगितलं तर त्यांची पुढची घरं विस्कटतात, आणि ते त्यांच्यावर अन्यायाचं आहे.

मेतकूट_भात
चहा: कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात. ७:१५ ला झोपायचं तर शेवटचा कप रात्री एकच्या आत. मुख्य जेवण शिफ्टला निघण्याआधी सहाला, रात्री बाराला हलकं काहीतरी, घरी आल्यावर फार तर मऊ भात-मेतकूट. पहाटे पाचला पोळीभाजी खाऊन आडवं झालं की जळजळ ठरलेली. दिवाळीत अभ्यंगस्नान घरी आल्यावर, झोपायच्या आधी उरका. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर तासाभरात अंग निवत जातं आणि झोप चांगली लागते.

पाचपाखाडी_रात्रपाळी
खूप उपयोग झाला, बसची अदलाबदल सुचलीच नव्हती. दोन शंका. मेलाटोनिनच्या (झोपेच्या संप्रेरकाच्या) गोळ्या घ्याव्यात का? आणि मला थायरॉइडची गोळी आहे, सकाळी उपाशीपोटी घेण्याची. ती कधी घ्यायची?

झोपतज्ज्ञ_नाही_पण_अभ्यास_आहे
थायरॉइडच्या गोळीला घड्याळाची सकाळ लागत नाही, रिकामं पोट लागतं. तुम्ही २:३० ला उठल्यावर पाण्याबरोबर, पुढचा अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांनी. वेळ बदलताय हे डॉक्टरांना सांगून ठेवा म्हणजे पुढच्या टीएसएचकडे (थायरॉइडच्या रक्ततपासणीकडे) ते त्या नजरेने पाहतील. इन्सुलिन किंवा फिट्सचं औषध असतं तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय एक तासही हलवू नका असं म्हटलं असतं.

मेलाटोनिन डॉक्टरांना विचारूनच. जास्त डोस म्हणजे जास्त झोप असं नसतं, आणि चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ उलट्या दिशेला सरकतं. नोव्हेंबरच्या बदलाला तुम्हाला त्याची गरज पडेल असं वाटत नाही. मार्चसाठी फेब्रुवारीअखेर विचारा.

यूटीसी_वाशी
एक राहिलं, यजमान बाइकने जात असतील तर. पहिल्या आठवड्यात रात्री साडेअकराला ऐरोली पुलावरून बाइक नको, कॅब घ्या. ती नसेलच तर निघण्याआधी ऑफिसात वीस मिनिटांची डुलकी आणि पाच-दहा मिनिटं पूर्ण जागं होऊन मगच किल्ली.