दोन अक्षरी 'यश' की आजोबांचं 'यशवंत'?

सांगलीची नवी आई
येत्या रविवारी बारसं आहे आणि नाव ठरलेलं नाही. बाराव्या दिवशी जमलं नाही, कारण नणंदेला यायला जमत नव्हतं, आणि आत्याशिवाय कानात 'कुर्रर्र' कोण करणार? मला मुलाचं नाव 'यश' ठेवायचंय. नवऱ्याला आणि सासूबाईंना 'यशवंत' हवंय. ते माझ्या सासऱ्यांचं नाव. बाळ यायच्या चार महिने आधी ते गेले. म्हणून घरात मी फार बोलत नाही, इथे बोलते.

मुलाचं नाव दोन अक्षरीच असावं असं मला मनापासून वाटतं. हाक मारायला सोपं, मुलाला स्वतःला लिहायला सोपं. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव अशी चार नावं येतात. माझं नाव चार अक्षरी, नवऱ्याचं तीन, आडनाव पाच. त्यापुढे आणखी चार अक्षरं? शिवाय 'यशवंत'मध्ये 'यश' आहेच की. आजोबा कुठे गेले त्यातून?

परभणीचा काका
गेले, ताई. 'यश' ही गोष्ट झाली, 'यशवंत' हा माणूस झाला. ज्याच्यापाशी यश आहे तो यशवंत. तुम्ही 'वंत' काढला तिथे माणूसच निघून गेला. आणि अक्षरांचा हिशोब म्हणाल तर सोळाची चौदा होतील, एवढंच.

मला दोन अक्षरी नावांबद्दल राग आहे, तो का ते सांगतो. माझ्या आजोबांचं नाव महादेव. सालगडी म्हणून ते दुसऱ्याच्या शेतात राबले. जन्मभर त्यांना 'म्हाद्या' म्हणूनच हाक आली, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान पोरांकडूनसुद्धा. मुंबईत घरकामाच्या गड्याला त्याचं नाव काहीही असलं तरी 'रामा' म्हणायचे, तेही ऐकून असाल. पूर्ण नाव ही मोठ्या घरांची चीज होती. आमच्या वाट्याला धोंडू, केरू, भिकू, गणू. माझ्या मुलाचं नाव मी महादेव ठेवलं. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी हजेरीत ते पूर्ण उच्चारलं तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. नावाची चारही अक्षरं ऐकली मी.

सांगलीची नवी आई
काका, हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. पण म्हणूनच विचारते: महादेवचं 'म्हाद्या' करता आलं, कारण नाव लांब होतं. प्रकाशचा पक्या होतो, सचिनचा सच्या, पांडुरंगाचा पांडू. 'यश' तोडणार कुठे?

परभणीचा काका
'यश्या'. तोडायचं ज्याच्या मनात असतं त्याला एक अक्षरही पुरतं.

संस्कृतच्या बाई (निवृत्त)
आईची बाजू शास्त्राला धरून आहे, हे आधी सांगते. आश्वलायन गृह्यसूत्र, म्हणजे घरच्या संस्कारांचे नियम सांगणारा जुना ग्रंथ, म्हणतं, 'द्व्यक्षरं प्रतिष्ठाकामः, चतुरक्षरं ब्रह्मवर्चसकामः'. मुलाला प्रतिष्ठा हवी तर दोन अक्षरं, ब्रह्मतेज हवं तर चार. दुसरा गृह्यसूत्रकार पारस्करही दोन किंवा चारच सांगतो, आणि पुढे अटी घालतो: सुरुवात घोष व्यंजनाने, म्हणजे ग, द, ब यांसारख्या घुमणाऱ्या वर्णाने, आत य-र-ल-व यांपैकी एखादा अंतःस्थ वर्ण, शेवटी दीर्घ स्वर किंवा विसर्ग. 'देवः' आणि 'हरिः' यात तंतोतंत बसतात. 'शिव' पहिल्याच अटीला अडतो, कारण श अघोष आहे. गंमत नाही, हा नियम कानाचा आहे. नाव उच्चारताना ते घुमलं पाहिजे.

आता तुमची चूक सांगते. शास्त्रातलं अक्षर म्हणजे उच्चारातला एक स्वरयुक्त तुकडा, कागदावरचा आकडा नव्हे. संस्कृतात 'राम' म्हणताना शेवटचा 'अ' ऐकू येतो, म्हणून ती दोन अक्षरं. मराठीत आपण 'राम्' म्हणतो. तुमचा 'यश' आपल्या तोंडी 'यश्' होतो, म्हणजे एकच अक्षर. उलट 'यशवंत' आपण 'यश्-वंत्' असं म्हणतो. ऐका नीट. दोन अक्षरी नाव 'यशवंत'च आहे.

तुम्हाला खरंच दोन अक्षरी नाव हवं असेल तर हरी, रवी, मधू यांच्याकडे बघा. लिहायला दोन, बोलायला दोन.

पहिलीची वर्गशिक्षिका
माझ्या पटावर यंदा तीन यश आहेत, दोन ओम, दोन वेद. तिघांना आम्ही मोठा यश, धाकटा यश आणि खिडकीजवळचा यश म्हणतो. म्हणजे दोन अक्षरी नावाला पुन्हा शेपूट लावावंच लागलं. शिवाय 'यशला यश मिळालं' हे वाक्य फळ्यावर लिहिताना मुलं गोंधळतात. जुन्या मराठीत 'रामाला', 'गणेशाने' असं नाव वळायचं. आता 'यशने', 'वेदचा'. ही नावं वाक्यात रुळत नाहीत, खड्यासारखी लागतात. मला त्रास होतो त्याचा.

तरी 'रेयांश'पेक्षा 'यश' शंभर पटींनी बरं. पालक छातीठोकपणे सांगतात की रेयांश म्हणजे सूर्याचा अंश. रवि अधिक अंश याचा संधी 'रव्यंश' होतो. निदान 'यश' हा खरा शब्द आहे.

न्यू जर्सीहून एक आई
मी यशच्या बाजूने. माझ्या थोरल्याचं नाव ज्ञानेश. इथे त्यातला 'ज्ञ' कुणालाच धड येत नाही आणि पोरगं आता स्वतःच चुकीचं सांगतं. धाकट्याचं नील ठेवलं, पहिल्या दिवसापासून सगळ्यांना आलं. मात्र प्रश्न अक्षरांच्या संख्येचा नाही, ज्ञ, ळ, ण यांचा आहे. 'बाळ' दोनच अक्षरं, पण इथे त्याचं काय होतं ते विचारू नका.

कोल्हापूरकर
संतांकडे बघा की. तुका म्हणे. नामा म्हणे. एका जनार्दनी. चोखा. महाराष्ट्राला ज्यांनी बोलायला शिकवलं त्यांची नावं दोन अक्षरी.

परभणीचा काका
दादा, 'तुका' हे तुकोबांनी स्वतःला म्हटलं, देवापुढे लहान होऊन. आपण त्यांना 'तुका' म्हणतो का? तुकोबा म्हणतो, तुकाराम महाराज म्हणतो. स्वतःचं नाव लहान करायचा हक्क स्वतःचा असतो. आईबापांनी ते आधीच करून देऊ नये.

कोल्हापूरकर
हे पटलं. मागे घेतो.

एक ज्योतिषप्रेमी
पत्रिकेचं अक्षर काय आलंय? २७ नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, अशी १०८ अक्षरं असतात. ते सोडून नाव ठेवू नये.

सांगलीची नवी आई
विशाखाचा तिसरा चरण, 'ते'. गुरुजींनी सांगितलं की नावरस नाव पत्रिकेत वेगळं लिहू, व्यवहारातलं वेगळं असलं तरी चालतं. तो प्रश्न मिटला.

रत्नागिरीची आजी, वय ७४
पोरी, मी तुझ्या बाजूची आहे. माझ्या मुलाला सासऱ्यांचं नाव ठेवलं, विश्वनाथ. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी आमच्याकडची रीत. मग स्वतःच्या मुलाला हाक काय मारायची? 'बाळ'. घरोघरी ते बाळ, भाऊ, नाना, अप्पा असायचे ना, त्यातले कितीतरी असेच, आजोबांचं नाव मिळालेले. माझा बाळ आता ५१ वर्षांचा आहे. एकदा त्याला दवाखान्यात दाखल केलं तेव्हा खिडकीवर नाव विचारलं आणि मला ते पटकन सांगता येईना. जीभ वळेना. मागे रांग लागलेली.

नाव हाक मारण्यासाठी असतं. तुझ्या घरी आता ती रीत नसेल, पण सासूबाईंचा विचार कर. नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याबाहेर कधी घेतलं असेल का? आता नातवाला त्या नावाने ओरडणार कशा? त्यांनाच विचार.

संस्कृतच्या बाई (निवृत्त)
आजींचं बरोबर आहे. पतंजलींच्या महाभाष्यात, म्हणजे व्याकरणावरच्या जुन्या ग्रंथात, आलेल्या नियमात नाव 'त्रिपुरुषानूक' असावं असंही आहे, म्हणजे वरच्या तीन पिढ्यांतल्या पुरुषांची आठवण देणारं. पण त्या नावाने हाक मारणाऱ्या बाईचं काय, याचा विचार त्यात कुठे नाही.

आणि घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत लागते, नाव मात्र वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.

सांगलीची नवी आई
काल रात्री बाळाला तेल लावताना सासूबाईंना विचारलं. आजींनी लिहिलं होतं तसंच, की यशवंत ठेवलं तर तुम्ही त्याला काय म्हणणार?

त्या म्हणाल्या, "यशवंतच म्हणणार. चव्वेचाळीस वर्षं 'अहो' म्हटलं. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, मंगळागौरीला एकदा. मला ते नाव मोठ्याने म्हणायचंय गं."

मग बाळाकडे बघून त्यांनी ते म्हटलं. पहिल्यांदा आवाज निघाला नाही, दुसऱ्यांदा निघाला.

रविवारी कानात 'यशवंत' जाईल. दाखल्यावरही तेच लिहिणार. माझं दोन अक्षरांचं म्हणणं मी सोडलेलं नाही, बाई म्हणतात तो हिशोबही मला अजून पुरता पटलेला नाही, आणि मी त्याला 'यश' म्हणेन. काका, लहानपणीच त्याला विचारून घेईन, चालतं का म्हणून.

परभणीचा काका
विचारा. बारशाचे पेढे आमच्या महादेवाकडून धरा.