मदत हवी आहे: एसीएल शस्त्रक्रियेनंतर गुडघा पूर्ण सरळ होत नाही

माझ्या धाकट्या भावाचा (वय २६) कबड्डी खेळताना उजव्या गुडघ्याचा एसीएल (सांधा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध) पूर्ण तुटला होता. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट (मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडरापासून केलेला नवा अस्थिबंध) वापरून दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेला आता सुमारे तीन महिने झाले असून मेनिस्कसला (गुडघ्यातील कूर्चेच्या गादीला) इजा नव्हती. गुडघा चांगला वाकतो आणि भेटायला येणारे नेमके तेवढेच विचारतात. अडचण आहे ती तो सरळ होण्याची. पाय पसरून बसल्यावर दुसऱ्या गुडघ्याची मागची बाजू सतरंजीला टेकते, तर याच्या गुडघ्याखाली दोन बोटे सहज जातात, आणि त्यामुळे चालताना तो किंचित लंगडतो. ताप, लाली किंवा वाढती सूज नाही. मात्र जोर देऊन सरळ केल्यास पुढच्या बाजूला काहीतरी अडकल्यासारखे दुखते.

टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवणे, पालथे झोपून पाय पलंगाबाहेर सोडणे आणि मांडीचा स्नायू आवळून धरणे हे व्यायाम तो नियमित करतो. फिजिओथेरपिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणी असल्याने आठवड्यातून एकदाच जाणे जमते. ग्राफ्टपुढे व्रणाची गाठ, म्हणजे सायक्लॉप्स, झाली असल्यास ती दुर्बिणीने काढावी लागेल, असे सर्जन म्हणतात. एमआरआय मात्र त्यांनी महिनाभराने करायला सांगितला आहे.

ज्यांना असाच अनुभव आला, त्यांचा गुडघा या टप्प्यानंतर केवळ व्यायामाने पूर्ण सरळ झाला का, की गाठ काढावीच लागली, आणि एमआरआय आधीच करून घेण्याचा आग्रह आम्ही धरावा का?