मदत हवी आहे: शाळा उघडायच्या आत वर्ग सांभाळायची तयारी

मृदगंधा:
१५ जूनला शाळा उघडतेय, हातात नऊ दिवस आहेत. पहिलीच नेमणूक. पहिल्या दिवशी काय करायचं, पोरं गप्प कशी बसवायची, आधी काय तयार ठेवायचं, अनुभवी लोकांनी पटकन सांगा. डी.एड.चं सांगू नका. सराव पाठाला मागच्या बाकावर आमच्या मॅडम बसायच्या, त्यांना बघूनच पोरं चिडीचूप असायची.

झब्बू_एक्का:
इयत्ता? पट? झेडपी की खासगी? गाव की शहर? पहिलीचं औषध नववीला लागू पडतं होय?

निवृत्त_मास्तर:
३४ वर्षं काढली. पहिले पंधरा दिवस हसायचं नाही. टेबलावर छडी ठेवायची. वापरायची नाही, नुसती दिसली पाहिजे. बाकी सगळं आपोआप होतं.

शाई_सांडली:
मास्तर, शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यातलं कलम १७ वाचा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना बंदी आहे. दिवसभर डोळ्यांसमोर छडी म्हणजे दुसरं काय? नव्या मुलीला पहिल्याच महिन्यात नोटीस मिळवून द्याल.

निवृत्त_मास्तर:
कलमं आम्हालाही ठाऊक आहेत. माझे विद्यार्थी आजही बाजारात भेटले की वाकून नमस्कार करतात.

शाई_सांडली:
जी शाळा सोडून गेली, ती कुठे भेटायला येतायत!

खारी_बिस्कीट:
मी शिक्षिका नाही, डॅलसला राहते. लेकीच्या वर्गात रंगीत तक्ता आहे. नीट वागलं की नावाचा चिमटा वर, दंगा केला की खाली. वर्ग शांत असतो. पण आमचीचा चिमटा एकदा खाली गेला तर दोन दिवस शाळेचं नाव काढू देईना. काय ते तुम्हीच ठरवा.

नाखवा:
जरा अवांतर. शिक्षण सेवकांना आता १६ हजार ना? आम्ही सहा हजारांत तीन वर्षं काढली. आणि आंतरजिल्हा बदलीचे अर्ज कधी सुरू होणार, कुणाला माहीत आहे का?

मृदगंधा:
अहो झेडपीच, पवित्र पोर्टलवरून लागलेय म्हणजे आणखी काय असणार? तिसरी आणि चौथी, दोन्ही माझ्याकडे, एकाच खोलीत. पट २७.

झब्बू_एक्का:
पवित्रवरून खासगी अनुदानित शाळांतही भरती होते, म्हणून विचारलं. जिल्हा कुठला?

मृदगंधा:
पालघर. मी कोल्हापूरची. काल शाळा बघून आले. अंगणात पोरं आपापसात बोलत होती, त्यातलं निम्मंही कळलं नाही. वारली बोलतात म्हणे. पण शाळेत मराठीच असणार ना?

झब्बू_एक्का:
बाई, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

डोंगरपाऊल:
याच पट्ट्यात अकरावं वर्ष चालू आहे माझं. पोरं गप्प बसवायची चिंता सोडा, ती गप्पच बसतील. पहिल्या वर्षी एक मुलगी मान खाली घालून दिवसभर बसायची, मला वाटलं काय शिस्तीची पोर आहे. तिचं पोट दुखत होतं आणि ते मला कसं सांगावं हे तिला कळत नव्हतं. उद्याच जाऊन पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंजवळ नाहीतर अंगणवाडी सेविकेजवळ तासभर बसा. त्या पाड्यावरच्याच असतात. तहान लागली, पोट दुखतंय, शू लागली, यानं मारलं, भीती वाटते, एवढं त्यांच्या बोलीत वहीत उतरवून घ्या. धडे-कविता नंतर.

दोन वर्गांचं म्हणाल तर तिसरीची तोंडं एका भिंतीकडे, चौथीची समोरच्या, दोन्हीकडे फळा. दंगा शिकवताना होत नाही, तुम्ही तिसरी सोडून चौथीकडे वळता त्या चार मिनिटांत होतो. म्हणून परिपाठाच्या आधीच दोन्ही फळ्यांवर काम लिहून ठेवायचं. एक लवकर संपणारं, गणितं वगैरे, आणि एक न संपणारं. माझ्याकडे काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचं काम वर्षभर चालतं.

आणि एक सर पडून गेली की कौलं कुठे गळतात ते बघून या. मी पहिल्या वर्षी प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे छान गोल बैठक आखली होती. पहिल्या मोठ्या पावसात अख्खा वर्ग एका कोपऱ्यात.

शाई_सांडली:
लावणीच्या दिवसांत निम्मा पट शेतात असेल, घाबरून जाऊ नका. दिवाळीनंतर काही घरं वीटभट्टीवर जातात. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायला विसरू नका, भट्टीजवळच्या शाळेत दाखवायला लागतं. परत आल्यावर 'इतके दिवस कुठे होतास' हा प्रश्न तेवढा टाळा.

निवृत्त_मास्तर:
पालघर म्हणताय तर सांगतो. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच मुलांसाठी काम केलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर शाळाच रानात नेली. कुरणशाळा म्हणत. वेळ मिळाला की जाऊन या.

शाई_सांडली:
कुरणात छडी नेत होते का, मास्तर?

निवृत्त_मास्तर:
छडी गुराख्याच्या हातात होती.

मृदगंधा:
:) डोंगरपाऊल, ताईंशी फोनवर बोलले, उद्या जातेय. पण फळा एकच आहे आणि मुख्याध्यापक म्हणतात सादिल (शाळेच्या किरकोळ खर्चाचं अनुदान) आल्यावर बघू.

डोंगरपाऊल:
सादिलची वाट बघाल तर दिवाळी उजाडेल. गळत नाही अशी भिंत बघा, घासून घ्या आणि फळ्याचा काळा रंग आणून दोन हात मारा. पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसरा नको, नाहीतर खडू उठत नाही. या हवेत वाळायला वेळ लागतो, १४ तारखेवर ठेवू नका.

मृदगंधा:
गळत नाही अशी एकच भिंत आहे, तिच्यावर आधीचा फळा आहे.

डोंगरपाऊल:
मग त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला रंगवा. मधे कपाट आडवं घाला. कपाट आहे ना?

नाखवा:
बदलीचं कुणीच सांगितलं नाही.