मिठाची युनिट सेल एआरमध्ये: फोनवर कॅमेरा उघडत नाही, लॅपटॉपवर नुसता हिरवा रंग

घनरूप: बीएस्सीच्या वर्गाला सोडियम क्लोराइडची युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सगळ्यात लहान घन) एआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या दृश्यावर उभी केलेली, दाखवायची आहे. मुलांना अ‍ॅप घ्यायला लावायचं नाही, म्हणून माइंडएआरवर (ब्राउझरमध्ये एआर चालवणारी लायब्ररी) वेबपान केलं. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधून मॉडेलची जीएलबी फाइल काढली, १ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) = १ एकक. पान लॅपटॉपवर चालतं, पण त्याच वायफायवरून फोनवर उघडलं की कॅमेरा सुरूच होत नाही. लॅपटॉपवरही, ज्या ८ सेंमी रुंद चित्रावर मॉडेल उभं राहायला हवं ते कॅमेऱ्यासमोर धरलं की नुसता हिरवा रंग. चित्र लॅटिसच्या (आयनांच्या जाळीदार रचनेच्या) आकृतीचंच आहे, लॅमिनेट केलेलं.

त्रिमिती: ब्राउझर कॅमेरा देतो तो एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीच्या) पानालाच. लोकलहोस्टला, म्हणजे त्याच संगणकावरून उघडलेल्या पानाला, सूट असते, म्हणून तुमच्याकडे चाललं. गिटहब पेजेसवर (एचटीटीपीएसवर पान ठेवणारी सेवा) टाका, प्रश्न मिटेल.

हिरवा रंग म्हणजे तुम्ही क्लोराइडच्या हिरव्या गोळ्याच्या पोटात आहात! माइंडएआरमध्ये चित्राची रुंदी म्हणजे १ एकक. सेलची कडा ५.६४ अँगस्ट्रॉम, म्हणजे ८ सेंमीच्या चित्रावर ४५ सेंमीचं मॉडेल. स्केल ०.१७७ करा. मॉडेलचा मध्य शून्यावर असेल तर झेड (कागदापासूनची उंची) ०.५ द्या, नाहीतर अर्धं कागदाखाली जाईल.

पाटीपेन्सिल: लॅटिसची आकृती टार्गेट (कॅमेऱ्याने ओळखायचं चित्र) म्हणून नकोच. तोच तो नमुना पुन्हा पुन्हा आला की कुठला कोपरा कुठला हे कळत नाही, मॉडेल उड्या मारतं. मिठाच्या खड्यांचा जवळून काढलेला, बारकावे असलेला फोटो घ्या. लॅमिनेशनही काढा, ट्यूबलाइट चमकली की ट्रॅकिंग सुटतं. साधा मॅट कागद बरा.

घनरूप: स्केल बदललं, दिसलं. आभार. गोळे लहान ठेवून काड्यांनी जोडलेत, ते चालेल?

त्रिमिती: एका आयनाचे शेजारी आयन मोजायला चालेल. पण मुलं मग आयनांमध्ये मोकळी जागा आहे असंच धरून बसतात. दुसरं मॉडेल खऱ्या त्रिज्यांचं करा: सोडियम १.०२, क्लोराइड १.८१ अँगस्ट्रॉम. बेरजेची दुप्पट ५.६६, कडेच्या जवळच. तिसरं, ब्लेंडरच्या बूलियनने (एका आकाराने दुसरा कापायची सोय) घनाच्या पृष्ठावर कापलेलं: कोपऱ्याला गोळ्याचा आठवा भाग, पृष्ठावर अर्धा, कडेवर पाव. खरा गोंधळ इथेच असतो; २७ आयन दिसतात, मग ४ सोडियम नि ४ क्लोराइड कसे? फोन हातात देण्याआधी मुलांकडून त्यांचा आकडा वहीत लिहून घ्या. आणि गोळ्यांना आयकोस्फिअर (त्रिकोणांनी बनलेला गोळा), सबडिव्हिजन (त्रिकोण किती बारीक ते) ३ पुरे: एकाला ३२० त्रिकोण, अख्ख्या सेलला ८,६४०. जुने फोनही पेलतात.