खोसा: चटकारांच्या पलीकडे
खोसा या दक्षिण आफ्रिकेतल्या बांटू कुळातील भाषेची ओळख बहुधा 'चटकारांची (जिभेने काढलेल्या टिचकीसारख्या आवाजांची), मंडेलांची भाषा' अशी करून दिली जाते. त्यात थोडी भर. हे चटकार मूळचे बांटू नव्हेत. त्या भागातल्या मूळच्या खोई आणि सान लोकांशी शतकानुशतकांच्या सहवासातून, सोयरिकींतून ते आले. त्यातला एक आपण हळहळताना काढतो त्या 'च्च'सारखा, पण खोसात तो पक्के व्यंजन म्हणून शब्दात बसतो.

मला तिची छापील परंपरा अधिक मोलाची वाटते. खोसा पत्रकार जॉन टेंगो जबावू यांनी १८८४ मध्येच 'इम्वो झाबान्त्सुन्दु' हे खोसा वृत्तपत्र काढले, तेही गोऱ्यांच्या राजवटीत! इनॉक सोंटोंगा यांनी १८९७ मध्ये रचलेले 'न्कोसी सिकेलेल आफ्रिका' हे प्रार्थनागीतही खोसातलेच. आजच्या दक्षिण आफ्रिकी राष्ट्रगीताच्या पहिल्या ओळी त्यातल्याच आहेत.