ईएमसीव्ही आयरेसच्या पुढचं प्रथिन फारच कमी बनतंय: एक जादा ए कारणीभूत असेल का?

मीनल: सीएमव्ही प्रमोटर (एमआरएनए बनायला सुरुवात करून देणारा डीएनएचा भाग), मग रेनिला, मग ईएमसीव्ही विषाणूचा आयरेस (एमआरएनएच्या मध्येच रायबोसोम उतरवणारा आरएनएचा भाग), मग फायरफ्लाय, असा प्लास्मिड एचईके-२९३ या मानवी पेशींत घातला आहे. रेनिला आणि फायरफ्लाय ही प्रकाशावरून मोजता येणारी रिपोर्टर प्रथिनं. रेनिला भरपूर येतं, फायरफ्लाय जेमतेम. आयरेस एका जुन्या व्हेक्टरमधून पीसीआरने उचलला आहे. सिक्वेन्सिंगमध्ये आयरेसच्या जे-के भागात सहाऐवजी सात ए (अ‍ॅडेनिन बेस) दिसतात, बाकी सगळं जुळतं. आयरेस आणि फायरफ्लाय यांच्यामध्ये क्लोनिंगचा ४० बेसचा तुकडा राहिलाय. एका ए ने इतका फरक पडतो? पीटीबी (आरएनएला चिकटणारं पेशीतलं प्रथिन) जास्त व्यक्त करून भागेल का?

केदार: पडतो. जे-के हीच ईआयएफ-४जी बसायची जागा आहे. (ईआयएफ म्हणजे प्रथिन बनवायला सुरुवात करून देणारी प्रथिनं; ४जी, ४ई, ४ए ही त्यातलीच.) नेहमीच्या एमआरएनएवर ४ई टोपी (सुरुवातीच्या टोकावरची कॅप) धरतं, ४ई ला ४जी चिकटतं आणि ४जी मार्फत ४ए व ईआयएफ-३ येतात. ईआयएफ-३ सोबत ४०एस, म्हणजे रायबोसोमचा लहान भाग, असतो. या विषाणूच्या आरएनएला टोपी नाही, म्हणून जे-के ४जी चा मधला भागच थेट पकडतो आणि ४ई ची गरज उरत नाही. ही पकड घडीच्या नेमकेपणावर अवलंबून आहे. दोन्ही स्टेम जिथे फुटतात त्या लूपमध्ये मूळ विषाणूत सहा ए असतात. सातवा आला की ४जी ची पकड सैल होते. जुन्या व्हेक्टरांत हा सात-ए प्रकार बराच पसरलेला आहे, तेव्हा तो तुमच्या पीसीआरमध्ये आला असेलच असं नाही. साइट-डायरेक्टेड म्युटाजेनेसिसने एक ए काढा आणि नंतर पूर्ण आयरेस दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. ए ची रांग एका बाजूने वाचताना फसवते.

स्नेहल: केदार म्हणतात ते बरोबर, पण तो ४० बेसचा तुकडाही काढाच. ईएमसीव्हीत रायबोसोम लांबून सरकत येत नाही, मुख्यतः अकराव्या एयूजीवरच (एयूजी म्हणजे प्रथिन सुरू करण्याचा संकेत, डीएनएत एटीजी) उतरतो. तिथला क्रम असा: एटीजी-एटीए-एटी-एटीजी-जीसीसी. पहिला एटीजी दहावा, त्याच्या सुरुवातीपासून आठ बेस पुढे अकरावा. फायरफ्लायचा एटीजी नेमका या अकराव्याच्या जागी बसला पाहिजे. रिस्ट्रिक्शन साइट घालायला गेलात तर आजूबाजूचे बेस बदलतात, त्यापेक्षा गिब्सन पद्धतीने (रिस्ट्रिक्शन साइटशिवाय तुकडे जोडून) अखंड जोडा.

पीटीबीचा विचार आत्ता नको. ते आयरेसला अनेक ठिकाणी धरून त्याची घडी सावरतं. सहा ए आणि पुढे विषाणूचाच कोडिंग भाग असेल तर त्याची फारशी गरज नसते. सात ए आणि परका रिपोर्टर असेल तर गरज वाढते. म्हणजे पीटीबी वाढवून सिग्नल चढला तरी मूळ दोष तसाच राहील, फक्त झाकला जाईल.

केदार: हे खरं. शिवाय एचईके पेशींत पीटीबी मुळातच भरपूर असतं.

अनिरुद्ध: दुरुस्तीनंतर फायरफ्लाय वाढला म्हणजे आयरेस चालला, असं लगेच धरू नका. सीएमव्ही काढलेला प्लास्मिड लावा; तरीही फायरफ्लाय आला तर आत छुपा प्रमोटर आहे. रेनिलाविरुद्ध एसआयआरएनए (ठरावीक एमआरएनए नष्ट करवणारा छोटा आरएनए) द्या. दोन्ही एकाच एमआरएनएवर असतील तर दोन्ही सिग्नल बरोबरीने पडले पाहिजेत. फायरफ्लाय टिकला तर छुपा प्रमोटर किंवा स्प्लायसिंगमुळे (आरएनएचा मधला भाग कापून टोकं जोडली गेल्यामुळे) त्याचा वेगळा एमआरएनए बनतोय.

माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे आरएनए इन व्हिट्रो बनवून थेट पेशींत घालणं आणि ४ ते ६ तासांत मोजणं. प्रमोटर आणि स्प्लायसिंग केंद्रकात चालतात, तो प्रश्नच मिटतो. एका नमुन्याला खरी टोपी द्या, दुसऱ्याला ए-कॅप, म्हणजे ४ई ला धरता न येणारी नकली टोपी. ए-कॅपवर रेनिला कोसळायला हवं, फायरफ्लाय टिकायला हवा.

४जी-४ए चा मार्गच तपासायचा तर हिप्युरिस्टॅनॉल द्या. ते ४ए अडवतं, त्यामुळे ईएमसीव्ही पडतो. शेजारी एचसीव्ही (हेपॅटायटिस सी विषाणू) आयरेस ठेवा, त्याला ४जी आणि ४ए दोन्ही लागत नाहीत: त्याच्या तिसऱ्या भागातल्या डी लूपमधले तीन जी थेट ४०एस मधल्या १८एस आरआरएनएशी जुळतात. तो टिकला आणि ईएमसीव्ही पडला, तर तुमचा आयरेस ४ए च्याच वाटेने चालतोय. पोलिओचं २ए प्रोटिएज वापरणार असाल तर तेही आरएनए ट्रान्सफेक्शनमध्येच वापरा. ते ४जी चं ४ई धरणारं टोक कापतं आणि आयरेस धरणारा भाग शाबूत ठेवतं, पण केंद्रकाची छिद्रंही बिघडवतं. डीएनएवरचे आकडे त्यामुळे वाचता येत नाहीत.

मीनल: आधी सहा ए आणि अखंड जोड, मग टोपी व ए-कॅप. तुकडा काढलेला सात-ए प्रकारही शेजारी लावते, म्हणजे दोन दोषांचा वाटा वेगळा कळेल.