मला मुंगी चावली, की मुंगीने मला चावलं?

मोगरा, इंदूर

मंडळी, पावसाळा लागल्यापासून घरामागच्या बागेत जायचं तर हातापायांना तेल चोपडून जावं लागतं. बाग लहानच आहे. मोगऱ्याची चार झाडं, कढीलिंब, एक आंबा आणि कुंपणाशी सुरजना. (शेवग्याला इथे सुरजना म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेल्या मराठी घरांतही आता 'सुरजन्याच्या शेंगांची आमटी' असंच ऐकू येतं.) परवा नातू कुंड्यांपाशी खेळत होता. रडत आत आला आणि म्हणाला, "आजी, मुंगीने मला चावलं."

पायाला हळद लावली, रडं थांबलं, पण ते वाक्य माझ्या कानातून जाईना. माझ्या सासूबाई जन्मभर रामबागेत राहिल्या. त्या म्हणायच्या, 'मला मुंगी चावली', 'दादाला गांधीलमाशी चावली', 'माळ्याला विंचू चावला.' मुंगीला, माशीला, विंचवाला त्यांनी कधी 'ने' लावलेला मला आठवत नाही. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "आई, दोन्ही बरोबरच आहे ना?" मुलगा म्हणाला, "मी तर 'मच्छरने काटलं' म्हणतो." इथली त्याच्या वयाची पुष्कळ मराठी मुलं तसंच म्हणतात.

तर 'ने' लावायचा की नाही, हे आधी सांगा. मग हे सांगा, की डासाला आणि माशीला दातच नसतात, तर त्यांना 'चावणं' कसं चालतं? डसणं, टोचणं, डंख मारणं अशी वेगवेगळी क्रियापदं असताना आपण सगळ्यांना एकाच मापाने का मोजतो? आणि या 'काटणं'चं काय करायचं?

निवृत्त शिक्षिका, ग्वाल्हेर

मोगराताई, तुमच्या सासूबाईंचं बरोबर होतं, आणि त्यामागे पक्का नियम आहे. मराठीत 'चावणे'ची दोन रूपं आहेत. वस्तू दाताखाली धरली की ते सकर्मक. 'मुलाने सुपारी चावली', 'त्याने जीभ चावली', 'बाळाने माझं बोट चावलं.' इथे भूतकाळात 'ने' हवाच, आणि क्रियापद सुपारीच्या, जिभेच्या, बोटाच्या लिंगाप्रमाणे फिरतं. पण चावा माणसाला बसला आणि माणूस 'ला' घेऊन आला, की 'ने' गळतो. 'बाळ मला चावलं', 'कुत्रा त्याला चावला', 'मुंगी मला चावली.' क्रियापद मुंगीबरोबर चालतं. 'डसणे'चंही तसंच: 'त्याला नाग डसला.'

ही वाक्यं 'मला काटा टोचला', 'मला ऊन लागलं', 'मला ठेच लागली' यांच्या पंक्तीतली आहेत. काहीतरी आपल्यावर येऊन पडलं, असा त्यांचा भाव. 'मला' आधी, सोसणारा पुढे. मला हे वळण फार आवडतं. मुंगीने काही ठरवून केलं नाही, ती फक्त आपल्या वाट्याला आली, असं ते वाक्य म्हणतं.

आता 'ने' आला कुठून? तुमच्याआमच्याकडे तो हिंदीतून आला, यात मला शंका नाही. 'मच्छर ने काटा', 'कुत्ते ने काटा.' मुलं शाळेत दिवसभर हिंदी बोलतात, घरी येऊन शब्द मराठी घालतात आणि साचा तोच ठेवतात. दुसरी वाट मराठीतलीच आहे. 'कुत्र्याने चावा घेतला' हे शुद्ध आहे, कारण तिथे क्रियापद 'घेणे' आहे आणि कर्म 'चावा'. बातम्यांतून ते रोज कानावर पडतं आणि 'चावा' गळून 'कुत्र्याने चावलं' उरतं. म्हणून पुण्यातल्या मुलांच्या तोंडीही ते ऐकू येतं. 'मधमाशीने डंख मारला' हेही त्याच न्यायाने बरोबर. नातवाला नियम सांगू नका. त्याच्यासमोर तुम्ही बरोबर बोलत राहा, तो उचलेल.

बडोदेकर

बडोद्याचा अनुभव सांगतो, कारण तो वरच्या मुद्द्याला नेमका पुरावा आहे. आमचा शेजार गुजरातीचा. गुजरातीत म्हणतात, 'मने मच्छर करड्यो', 'मने कूतरो करड्यो.' तिथेही मच्छराला प्रत्यय लागत नाही आणि क्रियापद मच्छराबरोबरच चालतं. म्हणजे साचा आपल्यासारखाच. त्यामुळे आमच्याकडची मराठी मुलं शब्द बिघडवतात, 'मला मच्छर करडला' म्हणतात, पण वाक्याचं हाड मोडत नाही. इंदूर-ग्वाल्हेरची मुलं शब्द राखतात आणि हाड मोडतात! शेजारची भाषा कोणती, त्यावर कुठला भाग झिजणार हे ठरतं.

अजून एक शब्द. आपण ज्याला मुंगळा म्हणतो, त्या मोठ्या काळ्या मुंगीला आमच्याकडे मंकोडो म्हणतात. मंकोडो एकदा चिकटला की सुटत नाही, ओढला तर धड हातात येतं आणि डोकं कातडीत राहतं. हट्टी माणसालाही आमच्या घरात मंकोडा म्हणतात.

मोगरा, इंदूर

बाई, तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलं. आणि मुंगळ्याला माळव्यातही मकोडा म्हणतात, म्हणजे हा शब्द इंदूर ते बडोदा एकच दिसतोय.

या निमित्ताने 'डास' या शब्दाची एक गोष्ट सांगते. मागच्या आषाढात आमचा माळी म्हणाला, "बाईसाब, डांस बहुत हो गए हैं, गाय को बैठने नहीं दे रहे." त्याच्या घरी गाय आहे. मी त्याला डासांच्या अगरबत्तीची दोन पाकिटं दिली. दुसऱ्या दिवशी तो पाकिटं परत घेऊन आला आणि म्हणाला, मच्छर नहीं, डांस. मग त्याने गाईच्या पाठीवर बसलेली माशी मला दाखवली. चांगली जाडजूड, डोळे हिरवट, आणि ती उडाली त्या जागी रक्ताचा थेंब. मराठीत ती गोमाशी. त्याचा डांस म्हणजे आपली गोमाशी, आपला डास म्हणजे त्याचा मच्छर. शब्द एकच, दोन अंगणांत दोन किडे. याचं मूळ कुणी सांगेल का?

निवृत्त शिक्षिका, ग्वाल्हेर

मूळ संस्कृत 'दंश'. दंश, मग प्राकृतात डंस, मग डांस. जुन्या मराठी छापील पुस्तकांत अनुस्वारासकट 'डांस' असंच सापडतं, पुढे अनुस्वार गेला. म्हणजे 'डास'चा अर्थच 'डसणारा'. 'डसणे'ही त्याच धातूचं लेकरू.

आणि तुमच्या माळ्याचा अर्थ जुना आहे. अमरकोशात 'दंशस्तु वनमक्षिका' असं स्पष्ट म्हटलंय. दंश म्हणजे रानमाशी. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात 'स्वेदजं दंशमशकं यूकामक्षिकमत्कुणम्' अशी घामातून उपजणाऱ्यांची यादी येते. (घामातून उपजतात ही त्या काळची समजूत.) तिथे दंश आणि मशक शेजारी शेजारी बसलेत, कारण ते दोन वेगळे किडे. दंश ती मोठी चावरी माशी, मशक तो डास. त्यातल्या यूकेची मराठीत नुसती 'ऊ' उरली, हे जाता जाता. हिंदीने दंशाचा जुना अर्थ राखला. मराठीने तो शब्द उचलून मशकाच्या अंगावर घातला, आणि 'मशक' आता फक्त 'तू कोण मशक!' असं हिणवायला उरला. त्या माळ्याला अडाणी समजू नये, त्याच्या तोंडात अमरकोशाचा अर्थ जिवंत आहे.

फुलपाखरू, पुणे

किड्यांच्या बाजूने थोडं. मी कीटक पाहतो, भाषेचा अभ्यासक नाही, पण दातांचा प्रश्न विचारलाय म्हणून लिहितो.

गोमाशीची मादी खरोखर कापते. तिच्या तोंडात पात्यांसारखे अवयव असतात, ती कातडी कापते आणि वर आलेलं रक्त टिपते. तेव्हा तिच्यापुरतं हिंदीतलं 'काटना' अगदी चपखल आहे. डास कापत नाही, टोचतो. त्याच्या सोंडेत सुईसारखे 6 अवयव असतात. मधमाशी आणि गांधीलमाशी तोंडाने काहीच करत नाहीत, त्यांचं हत्यार मागच्या टोकाला. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती कातडीत अडकते आणि मधमाशी मरते. गांधीलमाशीची नांगी सुटून येते, म्हणून ती पुन्हा पुन्हा मारू शकते. तुमच्या नातवाला भेटली ती छोटी लाल मुंगी असेल, तर तिने दोन्ही केलं असणार. ती जबड्याने कातडी पकडते आणि मग पोटाच्या टोकाची नांगी टोचते.

आता मला आवडलेली गोष्ट. ही नांगी म्हणजे मुळात अंडी घालण्याचा अवयव, त्याचंच पुढे हत्यार झालं. म्हणून डंख फक्त माद्या मारतात. मराठीत मधमाशी, गांधीलमाशी, मुंगी, कुंभारीण (मातीचं घर बांधणारी माशी) या सगळ्या स्त्रीलिंगी! इथे व्याकरण आणि जीवशास्त्र एका ओळीत येतं. फसतं ते डासाशी आणि मुंगळ्याशी. रक्त पितो ती डासाची मादीच, तिला अंड्यांसाठी ते लागतं, नर फुलांच्या रसावर जगतो. आणि मुंगळा म्हणून जो कडाडून चावतो, ती कामकरी मुंगी, म्हणजे तीही मादी. आकाराने मोठी म्हणून मराठीने तिला पुल्लिंगी केलं, पळी-पळा, सुरी-सुरा यांच्यासारखं.

निवृत्त शिक्षिका, ग्वाल्हेर

वा, हे मला माहीत नव्हतं.

तरीही 'चावणे' या शब्दाला दातांची अट मराठीने कधी घातली नाही. नवा बूट चावतो. चप्पल चावते. विंचवाची नांगी शेपटीला असते हे खेड्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी एकनाथांच्या भारुडात 'विंचू चावला' असंच आहे, आणि तिथेही विंचवाला 'ने' नाही, बघा. म्हणून डासालाही चावू द्यावं. वेगळं सांगायचं असेल तेव्हा वेगळा शब्द काढावा. डसणं सापाला, आणि मनाला लागलेल्या बोलाला. फोडून काढणं ढेकणांना आणि संध्याकाळच्या डासांना, जिथे एकाचा हिशेब राहत नाही. लागणं जळवेला, गोचिडीला, सुरवंटाला. सुरवंट चावत नाही, टोचत नाही, नुसते त्याचे केस अंगाला लागतात आणि कातडी पेटते. 'सुरवंट लागला' यात पूर्ण रोगनिदान आहे.

'काटणं' मात्र मी येऊ देणार नाही. मराठीत 'काटणं' पतंगाचं असतं, यादीतून नाव काटायचं असतं. इतके शब्द घरात असताना उसना कशाला?

रत्नागिरीकर

'झोंबणं' राहिलं! आमच्या आंब्यांवर लाल मुंग्यांची पानांची घरटी असतात. ओंबील म्हणतो आम्ही त्यांना. पानं एकमेकांना जोडायला त्या स्वतःच्या अळ्या तोंडात धरून त्यांच्याकडून रेशीम काढून घेतात, जशी सुईदोऱ्याने शिलाई. आंबे उतरवायला चढलेल्या माणसाला त्या चावतात असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. 'ओंबील झोंबले' म्हणतात. जबड्याने धरतात आणि त्या जखमेवर पोटातून आम्ल उडवतात. फॉर्मिक आम्ल ते, त्याचं नावच मुंगीच्या लॅटिन नावावरून पडलंय. धरून राहणं आणि मिरचीसारखी आग होणं, दोन्ही 'झोंबणं' या एका शब्दात आहे. लाल मुंगीला याहून नेमका शब्द मला तरी सापडला नाही.

मोगरा, इंदूर

किती मिळालं! झोंबणं मी सासूबाईंच्या तोंडून फक्त वाऱ्यासाठी आणि मिरचीसाठी ऐकलं होतं. आता मुंगीसाठी वापरेन.

माझ्याकडूनही भर घालते. चावल्यावर जे उठतं त्याला इथली मुलं ददोडे म्हणतात, हिंदीतून. सासूबाई 'गांधी उठल्या' म्हणायच्या, आणि जी गांधी उठवते ती गांधीलमाशी, असंही सांगायच्या. साध्या डासाच्या चाव्याला त्या गांध म्हणत नसत, त्याला 'चट्टा'. खाजेतही फरक करायच्या. डासाची ती खाज, लाल मुंगीची चुणचुण, गांधीलमाशीचा ठणका, सुरवंटाची आग. वैद्याकडे नेताना मूल काय म्हणतंय त्यावरून काय चावलं ते कळायचं.

आणि चावत नाहीत, नुसतेच बघायला येतात, त्यांचं काय? आमच्या कंपोस्टच्या खड्ड्यावरची चिलटं डोळ्यांसमोर नाचतात, ओल्या डोळ्यांतला ओलावा प्यायला येतात. (खड्डा घरचाच आहे. खत करण्याची इंदूर पद्धत याच गावात 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवली, तेव्हा खड्डा असायलाच हवा असं सासरे म्हणायचे.) खंडोबाचा घोडा मान वळवून माझ्याकडे टक लावून पाहतो. कुंभारीण तर रोज खिडकीच्या चौकटीत चिखल आणते आणि मी जवळ गेले की माझ्याभोवती एक घिरटी घालून परत कामाला लागते. अशा किड्याला मराठीत काय म्हणावं? जिज्ञासू फार जड वाटतं.

निवृत्त शिक्षिका, ग्वाल्हेर

'भोचक' म्हणा, चिलटाला शोभेल. कुंभारणीला नको. ती आपल्या कामात असते. तिच्यावरूनच कीटभृंगन्याय आला. अळी भृंगीचं ध्यान करता करता भृंगीच होते, असं संतांनी भक्ताविषयी म्हटलं. मातीच्या घरात अळी कोंडलेली दिसे आणि काही दिवसांनी तिथून कुंभारीण बाहेर पडे, म्हणून ती समजूत.

फुलपाखरू, पुणे

आत होतं ते असं. कुंभारीण नांगीने अळीला किंवा कोळ्याला बधिर करते, मारत नाही. आत भरते, एक अंडं घालते, तोंड मातीने बंद करते. अंड्यातून निघालेली तिची अळी तो ताजा साठा खाऊन वाढते आणि भिंत फोडून बाहेर येते. माणसाला ती सहसा काही करत नाही, हातात पकडली तरच. मोगराताई, ती खिडकी तेवढी श्रावण संपेपर्यंत उघडू नका.

मोगरा, इंदूर

नाही उघडत. नातवाला दाखवली आज. हात पुढे करून म्हणाला, "आजी, ही मला चावली तर?"

निवृत्त शिक्षिका, ग्वाल्हेर

बघा, 'ने' गेला.